सतरा नंबरचा रिपोर्ट

८ नोव्हेंबर १९९०, गुरुवार

सतरा नंबर म्हणे! माझ्या लेकीला नाव हाय का न्हाई? सुमन. मी ठिवलंय, बावीस वर्षं हाक मारायलेय. आज तिसऱ्यांदा डबीत थुंकी नेली. विचारलं, मागच्या दोन डब्यांचं काय झालं? तर ती कॉलेजातली पोरगी कागद चाळती आन् म्हणती, "सतरा नंबर ना मावशी? अजून आलं नाही." सतरा नंबर म्हंजे काय मालगाडीचा डबा हाय? आमचे हे पूर्णेला रेल्वेत गँगमन हायेत, डब्यावर नंबर असतो एवढं मला बी कळतं. माणसावर नसतो.

परभणीच्या दवाखान्यात आज अठरावा दिवस. दिवाळीला पेडगावहून माहेरी आली, भाऊबीज झाली की आडवी पडली. ताप, खोकला, धाप.

वही त्या पोरीनंच दिली. "रोज सकाळ-संध्याकाळ ताप लिहायचा. लिहिता येतं का मावशी?" म्हणलं, तू जन्मायच्या आधी मी चौथी पास झाले. पुढच्या बाजूनं ताप लिहिते, तो त्यांच्यासाठी. मागच्या बाजूनं हे. हे माझं.

सकाळी १००. संध्याकाळी १०२.

१२ नोव्हेंबर, सोमवार

पोरीचं नाव शैला. पुण्याची. डॉक्टर झालीय, आता मोठी डॉक्टर व्हायला शिकायलीय. सोमवार-गुरुवार कॉलेजच्या गावाहून जीप येते, सहा जण उतरतात, सोबत त्यांच्या मास्तरीण, मोठ्या बाई. इथं येऊन करतात काय, तर ज्यांची रोग हाणायची ताकद कमी झाली त्यांना कुठले रोग धरतात ते शोधायचं. आन् शोधायचं कसं ते बी शिकायचं. म्हंजे अजून शोधता येत न्हाई. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर...

सु.ला दोन वर्षं झाली अंगावर सूज. किडनीची. त्यावर बारक्या पांढऱ्या गोळ्या चालू हायेत. शैला म्हणली, अंगातली ताकदच उलटून किडनीला खायली होती, गोळीनं तिला झोपवलं. म्हणलं, म्हंजे राखणीचं कुत्रं घरच्यालाच चावायलं म्हणून बांधून ठिवलं. आन् आता चोर आला तर?

पोरगी हसली. "अगदी असंच मावशी. हे मी लिहून घेऊ का?"

"घे. पण चोर कोण ते सांग."

त्यावर तिनं फॉर्म काढला. चाळीस सवाल. घरात माणसं किती, पाणी कुठलं, कोंबड्या हायेत का, कुणाला टीबी होता का. "काय काम करते?" सु.ला धाप लागलेली, तिच्याच्यानं बोलवंना. मी म्हणलं, घरकाम. तिनं लिहिलं, घरकाम. पुढचा सवाल.

१३ नोव्हेंबर

विहीणबाई आल्या पेडगावहून. हातात दोन भाकरी आन् तोंडात शंभर गोष्टी. लेकीच्या उशाला बसायचं सोडून माझ्याशीच भांडण.

"आमच्याकडं होती तवर धडधाकट होती. दसऱ्याला पेव उघडलं, तर चार दिवस हीच आत उतरली. टोपल्या भरून वर दिल्या, वर येऊन पाखडलं. दुखणाईत माणूस असं करतं का? तुमच्याकडं दिवाळीचं गेली अन् पडली. काय खाऊ घातलं काय की."

म्हणलं, सुजेच्या पोरीला पेवात उतरवलं तुमी?

"पेवाचं तोंड केवढं असतं तुमाला ठावं न्हाई का? घरात बारकी तीच. आमी काय लोटून दिली? यांनी आधी दिवा सोडून बघितला होता, विझला न्हाई. हवा चांगली होती."

कामाचं मला काही न्हाई. मी बी पोरपणी उतरलेय जमिनीखालच्या त्या अंधारात, ज्वारी भरून दिलीय. पण मला कुठं सूज होती. जावई दाराशी उभा. आई बोलली की भिंत, सासू बोलली की भिंत. भिंतीला पाठ लावून भिंतच झालाय.

जाताना विहीणबाई सु.च्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडून गेल्या. रडत होत्या. त्याचाच जास्त राग आला.

१५ नोव्हेंबर

मोठ्या बाईंचा राऊंड. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात, पायात साध्या चपला. सहाही जण खाटेभोवती. बाई म्हणल्या, "कागद खाली ठेवा. आता सांगा या पेशंटबद्दल."

शैला सुरू झाली, "सतरा नंबर, स्त्री, वय बावीस..."

"नाव?"

शैला छताकडं बघायली. मी म्हणलं, सुमन.

"मी तुम्हाला नाही विचारलं हो, तिला विचारलं."

"तिला येत असतं तर मी कशाला बोलले असते?"

पोरं हसली. बाई न्हाई हसल्या. त्यांनी शैलाकडं असं बघितलं की मलाच दया आली पोरीची. तासभर आली.

मग त्यांचं अन् वॉर्डाच्या डॉक्टरांचं. डॉक्टर म्हणतात टीबी, गोळ्या सुरू करा, फोटोत डाग हाय. बाई म्हणतात, तीन डब्यांत टीबीचा जंतू दिसला न्हाई, कॉलेजात उगवायला ठिवलाय, सहा हप्ते लागतात. डॉक्टर म्हणाले, "सहा हप्ते हिच्याकडं हायेत का?" मला वाटलं होतं मी तिथं उभी हाय हे त्यांना दिसायलंय.

१९ नोव्हेंबर

नामांतराचा मोर्चा. रस्ता बंद, यष्टी न्हाई, जीप आली न्हाई. ताप १०३.

सु. म्हणली, "माय, तुला लय बेजार केलं मी."

म्हणलं, गप पड. बेजार तर मी तुझ्या बापाला केलंय, तीस वर्षं झाली, अजून उभा हाय.

हसली थोडी. मग खोकला. मग

२१ नोव्हेंबर

कालपासून टीबीच्या गोळ्या. सुई दिली न्हाई, किडनीला सोसायची न्हाई म्हणून. आज लघवी लाल झाली. मी एवढी आरडले की शेजारच्या वॉर्डातून माणसं आली. सिस्टर म्हणली, "अहो, गोळीचाच रंग आहे तो." आधी सांगितलं असतं तर जीभ झिजली असती का?

उलट्या. भाताचं पाणी बी ठरंना.

२६ नोव्हेंबर, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

शैला तापाची वही बघायला आली. मी नळावर गेले होते. येऊन बघते तर ही वही उलटी धरून मागून वाचायलीय! म्हणलं, ए पोरी, ती माझी बाजू हाय. तिचं तोंड लाल. म्हणली, "सॉरी मावशी, वही चुकून उलटी उघडली." चुकून उघडली खरी, पण चुकून पाच पानं वाचली का?

मी वही हिसकायला गेले तर तिनं सोडलीच न्हाई. म्हणली, "मावशी, पेव म्हणजे काय?"

म्हणलं, पुण्यात काय शिकवतात तुमाला? जमिनीत खड्डा, आत माणूस मावंल, तोंड एवढंसं. कडबा लावून ज्वारी भरायची, वरून माती. वर्षभरानं काढायची.

"आणि ती ज्वारी चांगली राहते?"

"मधली चांगली. कडेची उबते, काळी-हिरवी पडती, बुरा उडतो. नाकाला पदर बांधायचा."

ती उठून पळालीच. पाच मिनिटांत मोठ्या बाई आल्या, मागं सगळी जत्रा. बाई सरळ सु.च्या खाटेवर बसल्या. मला बाजूला केलं. "सुमन, तू सांग. आईनं नाही बोलायचं."

सु.नं सांगितलं, थांबत थांबत. चार दिवस. आत उतरली की वरून टोपलं यायचं. कडेची ज्वारी ढेकळावाणी झालेली, ती हातानं फोडावी लागली. बुरा तोंडात, नाकात. पदर घामानं भिजला म्हणून काढून टाकला. वर आल्यावर दोन दिवस पाखडलं.

बाईंनी शैलाला विचारलं, "फॉर्मवर काम काय लिहिलंय?"

"घरकाम."

"कोणी सांगितलं?"

शैलानं माझ्याकडं बघितलं न्हाई. खाली मान घालून म्हणली, "मी पुढं विचारलं नाही मॅडम."

मीच म्हणले, "मी सांगितलं." आणखी काय सांगणार होते? बाई म्हणल्या, तुमची चूक नाही, विचारणाऱ्याची. पण माझ्याच तोंडानं गेलं ते. बाई घरात करते ते घरकाम, शेतात करते ते बी घरकाम, पेवात उतरली तरी घरकाम. मी तरी दुसरं काय शिकले.

२८ नोव्हेंबर

आता कळलं ते असं. बुरशीचं बी हवेत असतंच, आपल्या अंगातलं कुत्रं त्याला हुसकून लावतं. सु.चं कुत्रं बांधलेलं. आन् हिनं चार दिवस ते ओंजळीनं नाकात घेतलं. फुफ्फुसात बुरशीच उगवली असंल. असंल! हाय म्हणत न्हाईत.

आन् त्या तिन्ही डब्या? फक्त टीबीसाठी लावल्या होत्या. बुरशीसाठी एक बी न्हाई. आधी कुणी विचारलं न्हवतं, मग फॉर्मवर घरकाम पडलं.

परत थुंकी घेतली. चौथी डबी.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

पेडगावला जाऊन आले. शैलाला पेवातली ज्वारी पाहिजे होती. एकटीनं यष्टीत बसून आली, खांद्याला पिशवी, पिशवीत काचेच्या बाटल्या.

विहीणबाईंनी आधी दारच अडवलं. "गावात बोभाटा करायला आल्या का? आमच्या ज्वारीनं सून मारली म्हणून?"

म्हणलं, मेली न्हाई अजून. मरू नये म्हणून आलोय. बाजूला सरका.

व्याही भला माणूस. आतून म्हणाला, "येऊ द्या. मी दिवा सोडला होता बाई, खोटं न्हाई. दिवा विझला असता तर कुत्र्याला बी उतरवलं नसतं."

शैला म्हणली, "दिव्यानं हवा कळते काका. बुरशी नाही कळत."

व्याह्यानं दार पुरं उघडलं. मग म्हणाला, "आमाला तेवढंच शिकवलं होतं."

काळी पडलेली ज्वारी कोंबड्यांना घालायची म्हणून पोत्यात ठिवली होती. शैलानं पोत्याचं तोंड सोडलं अन् लगेच खाली वाकली. मी तिच्या कानफटात द्यायचीच बाकी ठिवली. म्हणलं, पदर न्हाई तुला, रुमाल तरी बांध की! एवढी शिकून हेच का? तिनं ओढणी बांधली. विहीणबाईंनी चहा केला. मी घेतला न्हाई. मग घेतला.

निघताना जावई पहिल्यांदा बोलला. शैलाला म्हणाला, "मी वर दोरीला होतो. ती दोनदा म्हणली होती, दम लागायलाय. मी म्हणलो, चार टोपलीच राहिली."

माझ्याकडं बघितलं न्हाई त्यानं. मी बी काही बोलले न्हाई. यष्टीत बसल्यावर बोलायचं ते सगळं सुचलं.

३ डिसेंबर

बाईंना तोंडावर विचारलं, बुरशी वाटती ना, मग बुरशीचं औषध द्या.

त्या म्हणल्या, ते औषध इथं मिळत नाही, मुंबईहून मागवावं लागतं. कॉलेज मागवील, पण रिपोर्टावर सही लागते. आणि ते किडनीला लय जड. बुरशी असली तर जीव वाचवील. नसली तर उरलेली किडनी घेऊन जाईल. "आंधळेपणानं मी नाही देणार."

खरं बोलतात. खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत न्हाई, त्यानं लय तकलीफ होती.

टीबीच्या गोळ्या तेवढ्या थांबवल्या. डोळे पिवळे झाले होते.

१० डिसेंबर, सोमवार

जीप आली. उतरले ते सगळे नवे! शैलाची परीक्षा म्हणे. मोठ्या बाई बी न्हाईत, परीक्षा घ्यायला गेल्यात. नवा पोरगा, मिशी नुकतीच फुटलेली, डॉक्टर म्हणायला जीभ रेटत न्हाई. नवा फॉर्म. पहिल्यापासून चाळीस सवाल.

"व्यवसाय... घरकाम, बरोबर?" विचारतो आन् लिहितो बी तोच.

मी पेनच धरला त्याचा. म्हणलं, खोड ते. "अहो मावशी!" म्हणलं, अहो न्हाई न् काहो न्हाई. त्या जागेत बसंल एवढं लिही: दसऱ्याला पेवात उतरली, काळी ज्वारी फोडली, पाखडली, कापूस वेचला, शेण काढलं. तो म्हणतो, एवढी जागा नाही. म्हणलं, मग कागद उलटा कर.

केला. सगळ्या पोरांनीच मागं लिहिलं. शेजारच्या खाटेवरची सायरा, तिला बी त्या बारक्या पांढऱ्या गोळ्या चालू हायेत, ती म्हणली माझं बी उलट्या बाजूला लिहा, मी कोंबड्यांचं खुराडं झाडते. निम्मा वॉर्ड बोलायला लागला. पोरगा घामाघूम.

पण रिपोर्ट? "ते जुन्या बॅचकडे असेल."

ताप १०२, १०३, १०२.

१५ डिसेंबर

गुरुवारी जीपवाल्यांनी पाचवी डबी नेली तवा काही न्हवतं. आज थुंकीत रक्त. चमचाभर. सु.नं पदरात लपवलं होतं.

मी पदर धुतला. गार पाण्यानंच जातं रक्त, गरम पाण्यानं बसतं.

१७ डिसेंबर, सोमवार

दहा वाजले, अकरा वाजले, जीप न्हाई. वॉर्डाचे डॉक्टर म्हणाले, "फोन लागत नाही, गुरुवारी येतील." आमचे पूर्णेहून आले होते. त्यांना लेकीपाशी बसवलं. ते म्हणाले, "एकटी त्या कॉलेजात कुठं जातीस, तिथं तुला कोण वळखतं?" म्हणलं, वळख करून घेते.

१८ डिसेंबर, मंगळवार

पहाटेची गाडी धरून कॉलेजच्या गावी गेले. कॉलेज केवढं, दारं किती. तपासणीच्या खोलीचा शिपाई म्हणाला, "नंबर काय?" आयुष्यात पहिल्यांदा मीच म्हणले, सतरा. लाज वाटली. लगेच म्हणले, सुमन. पेडगाव.

शैला आतच होती. डोळे खोल गेलेले, परीक्षा कालच संपली म्हणे. मला बघून उठली, पाया पडते का काय वाटलं, पण हात धरून आत नेलं. काचेच्या दोन ताटल्या दाखवल्या, झाकणी घातलेल्या, वरून चिकटपट्टी. एकीत पेडगावची ज्वारी. दुसरीत माझ्या लेकीच्या छातीतलं.

दोन्हीत हिरवट, मखमलीवाणी. सारखंच. कुणी म्हणंल, एकाच थानातलं खणाचं कापड कापून ठिवलंय. मी लय वेळ बघत बसले. एवढंसं ते. दिसायला वाईट बी न्हाई.

म्हणलं, झालं की मग! आता करा सही.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. शैलालाच म्हणल्या, "सांग त्यांना, सही का नाही." शैलानं सांगितलं, सावकाश, माझ्याकडं बघून, कागदाकडं न्हाई. ही बुरशी हवेतनं बी ताटलीत पडती. एकदा उगवली म्हंजे छातीतच हाय असं ठरत न्हाई. परत घेतलेल्या थुंकीत तीच उगवली तर ठरतं. पाचवी डबी गेल्या गुरुवारी लावलीय, काल काही दिसायला लागलं, पण तीच हाय का दुसरी ते अजून कळत न्हाई.

"चूक परत करायची नाही मावशी," म्हणली. "एकदा झाली माझ्याकडून."

मी म्हणलं, तू शिकायलीस, शीक. मी तुला शिव्या दिल्या त्या दिल्या, पण पेडगावला एकटी आलीस ते मी इसरणार न्हाई. तरी एक ऐक. काल-परवा लेकीनं रक्त टाकलं. हे तुमच्या वहीत लिहिलं न्हाई मी. पुढच्या बाजूला फक्त ताप लिहायचा असतो ना.

बाईंनी खुर्ची ओढली. "केव्हा? किती?"

सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, परत घातला. मग म्हणल्या, "आम्ही घाई केली तर किडनी जाईल."

"आन् न्हाई केली तर?"

बाईंनी ताटली उचलून उजेडात धरली.

मी उठले. म्हणलं, बाई, माझी लेक तुमचा अभ्यास हाय, असू द्या. तिच्यामुळं ह्या पोरींना विचारायचं कसं ते कळलं, चांगलं झालं. उद्या दुसऱ्या कुणाच्या लेकीला उपयोग होईल. पण अभ्यास पुरा व्हायच्या आधी लेक पुरी झाली न्हाई पाहिजे. बुरशी असंल तर औषध मागवा. नसंल तर तसं तोंडावर सांगा, मी दुसरा दवाखाना बघते, मुंबईला नेते, रेल्वेचा पास हाय आमच्याकडं. दोन्ही मी सोसंन. मधलं सोसत न्हाई.

बाई म्हणल्या, "किती दिवस द्याल?"

हिशोब मी गाडीतच केला होता. म्हणलं, आज मंगळवार. परवा २० तारीख, गुरुवार, तुमची जीप येते. दहा वाजता मी दवाखान्याच्या पायरीवर उभी असंन. उतरताना 'हो' घेऊन उतरा, न्हाईतर 'न्हाई' घेऊन उतरा. 'बघू' घेऊन उतरायचं न्हाई.